चारशे तीनचा बहिष्कार

मराठी मंडळाच्या वेबसाइटने माधवीकाकूंना वाळीत टाकलं, तेव्हा मी त्यांच्याच बेसमेंटमध्ये मॅगी उकळत होतो.

"निमिष, वर ये," त्या जिन्यावरून म्हणाल्या. एरवी 'वर ये रे' असतं. 'रे' गायब होता, म्हणून मी गॅस बंद करून गेलो.

वर डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्याच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला अरविंदकाका पंचनाम्याला बोलावलेल्या साक्षीदारासारखे उभे. त्यांची मुलगी ऊर्मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"वाच," काकू म्हणाल्या.

"फोर ओ थ्री. फॉरबिडन."

"पुढचं वाच."

"यू डोन्ट हॅव परमिशन टू ॲक्सेस धिस पेज."

"म्हणजे काय?"

"म्हणजे परवानगी नाही."

"कोणाला?"

मी आजूबाजूला पाहिलं. लॅपटॉप काकूंचा होता. पान मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या नावनोंदणीचं होतं. मुलांचं समूहगीत दर वर्षी काकूच बसवतात. मंडळाच्या अगदी पहिल्या दिवाळीला चकल्यासुद्धा त्यांच्याच होत्या, हे इथे कॅनडात, वॉटर्लूतल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे, कारण त्या सांगतात.

"मॉम, इट्स जस्ट अ वेबसाइट," ऊर्मी म्हणाली.

"वेबसाइट आपोआप कोणाला मनाई करत नाही, ऊर्मी. कोणीतरी सांगितल्याशिवाय."

हा कोणीतरी कोण, हे त्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्रकाका. त्यांच्याशी काकूंचं गेल्या दिवाळीपासून बिनसलं होतं. झालं असं की, काकांनी एका एकांकिकेत मरणाऱ्या बापाचं काम केलं होतं. संहितेत बाप एका ओळीत मरतो. काका मरतच राहिले. आचका द्यायचे, शांत व्हायचे, प्रेक्षक टाळ्यांसाठी हात उचलायचे, की काका पुन्हा एका कोपरावर उठून मोठ्या मुलाला काहीतरी सांगायचे. शाळेचं सभागृह नऊपर्यंतच भाड्याने मिळालं होतं आणि शाळेचा केअरटेकर दारात उभा राहून किल्ल्या वाजवत होता. पडद्याची दोरी काकूंच्या हातात होती. त्यांनी ती सोडली. काका पडद्यामागे मेले, ते कोणीच पाहिलं नाही.

मी मंडळाचा वेबमास्टर आहे. हे पद मला वार्षिक सभेत मिळालं. मी वॉशरूमला गेलो होतो, परत आलो तेव्हा टाळ्या चालल्या होत्या.

तर वेबमास्टर या नात्याने मी खाली गेलो आणि माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडलं. छान उघडलं. पणत्या, रांगोळी, नाव भरायचा चौकोन, सगळं जागच्या जागी.

"काकू, माझ्याकडे चालतंय!" मी खालूनच ओरडलो.

आमच्या धंद्यात हे वाक्य आपण सहज बोलतो. ते बोलायचं नसतं, हे मला वरच्या शांततेवरून कळलं. मग पावलं वाजली. काकू, काका आणि ऊर्मी तिघंही जिना उतरून आले आणि माझ्या स्क्रीनकडे बघत उभे राहिले.

"घर एक," काकू म्हणाल्या. "इंटरनेट एक. राउटर माझ्या नावावर. घरमालकिणीला मनाई आणि भाडेकरूला परवानगी."

"काकू, काहीतरी टेक्निकल असेल."

"असणारच. टेक्निकल कोण करतं मंडळात?"

अरविंदकाकांनी माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं आणि लगेच विंटर टायर्सची आठवण झाल्यासारखं करून गराजमध्ये गेले.

"हे कोणी केलं त्याचं नाव मला सांग," काकू म्हणाल्या. "पुराव्यानिशी. नाहीतर महिनाअखेर दुसरं बेसमेंट बघ. आणि मी दुसरं मंडळ बघते."

ऑक्टोबर संपत आला होता. वॉटर्लूत ह्या दिवसांत रिकामं बेसमेंट मिळत नाही. मिळालं तर ते रिकामं का आहे हे वास घेऊन कळतं. शिवाय शनिवारी काकू डबा खाली पाठवतात. मला नाव हवं होतं.

मी आधी वेबसाइटच्या कोडची माझ्याकडची प्रत वाचून काढली. 'माधवी' कुठेही नव्हती. कोणाचंच नाव नव्हतं, कोणाला अडवा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मग मला हेमचंद्रकाकांचा जास्त संशय यायला लागला. पुरावा नाही म्हणजे काम सफाईने झालंय. दोन दिवस काकूंचं ऐकून मी असा विचार करायला लागलो होतो.

त्याच आठवड्यात देशी ग्रोसरीत डेस्मंड भेटला. डेस्मंड वसईचा. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कीबोर्ड तोच वाजवतो. मला बघून तो मेथीच्या जुड्यांमागे सरकला. मेथीच्या जुड्या तेवढ्या मोठ्या नव्हत्या.

"डेस्मंड, दिवाळीला कीबोर्ड आहे ना?"

"नाय रे. यंदा आम्ही जरा बिझी आहोत."

"कशात?"

"असंच. फॅमिली." त्याने एक जुडी उचलली, ठेवली. "तुला तर माहीतच असेल. कमिटीतला तू."

"काय माहीत असेल?"

डेस्मंडने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "मॅन, फॉरबिडन केलंत ना मला. ठीक आहे. क्लॅरिसा म्हणालीच होती, गेल्या ख्रिसमसला आपण हेमचंद्रच्या घरी रमचा केक नेला आणि त्याची सासू चार तुकडे खाऊन गात बसली, त्याचंच हे. पण तोंडावर सांगायचं ना! दारात बोर्ड लावायचा नाय."

मी मेथी न घेताच घरी आलो आणि फोन करत सुटलो. स्वप्नालीताईंना पण फॉरबिडन. त्यांच्या मुलाने गणपतीत समईवर फुटबॉल मारला होता, तेव्हा त्या कोणाला काही बोलल्या नव्हत्या. आता तरी काय बोलणार. नंदनला पण फॉरबिडन. तो भाषणात अध्यक्षांचं नाव चुकला होता. उमाताईंना पण. त्यांनी कारण सांगितलं नाही, फक्त "मला माहितीये कशामुळे" म्हणाल्या आणि फोन ठेवला. सगळ्या गावाला मनाई होती. प्रत्येकाकडे आपापला गुन्हा आधीच तयार होता, त्यामुळे कोणीही दुसऱ्याला विचारलंच नव्हतं. विचारायचं कसं? 'तुम्हालाही हाकललंय का?' असं मराठी माणूस फोनवर विचारत नाही. तो आधी हवामानाचं बोलतो, मग अबोला धरतो.

फक्त मला परवानगी होती. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही.

मग मी दूर पश्चिमेला, सस्काटूनला फोन लावला. माझ्या आधीचा वेबमास्टर उन्मेष तिकडे पोटॅशच्या खाणीच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. तोही माझ्यासारखा नागपूरचा.

"कोण?" त्याने विचारलं.

"निमिष. वॉटर्लूवरून. मंडळाच्या साइटचं विचारायचं होतं."

थोडा वेळ नुसतं वारं ऐकू आलं. "स्पीकरवर आहे का बे फोन?"

"नाही."

"कमिटीतलं कोणी आहे का तिथे?"

"मी बेसमेंटमध्ये एकटा आहे. तू एवढा का घाबरून राहिला?"

"मंडळ सोडून मी इतक्या सपाट जागी आलोय की मागे कोणी लागलं तर लांबूनच दिसावं," उन्मेष म्हणाला. "बोल."

मी चारशे तीनचं सांगितलं. तो हसायला लागला. हसून झाल्यावर म्हणाला, "तो खरा नाहीये."

"म्हणजे?"

"अरे, एकदा साइट बंद पडली होती. पाचशे नंबरचा एरर आला लोकांना. पाचशे म्हणजे सर्व्हरचीच गडबड, आपलीच चूक. हेमचंद्रकाकांनी तातडीची मीटिंग लावली. म्हणाले, चूक आपली आहे हे आपलीच वेबसाइट अख्ख्या जगाला काय म्हणून सांगते? दुसरे कोणते नंबर आहेत ते दाखवा. मी दाखवले. चारशेच्या घरातले सगळे येणाऱ्या माणसाच्या चुकीचे. त्यातला चारशे तीन त्यांना आवडला. ह्यात वजन आहे, म्हणाले. तेव्हापासून सर्व्हरच्या सेटिंगमध्येच टाकलंय, आत काहीही बिघडू दे, बाहेरच्याला फॉरबिडनच दिसतं. ठराव एकमताने पास झाला."

"एकमताने? माधवीकाकू होत्या?"

"अनुमोदन कोणाचं होतं मग?"

मी जिन्याकडे पाहिलं. वर कुकरची शिट्टी झाली.

"मग खरं काय बिघडलंय?"

"ते मला इथून कसं कळणार? सर्व्हरचा डबा काकांच्या बेसमेंटमध्ये आहे, फर्नेसशेजारी. बाहेरून आत शिरायची सोय त्यांनी मला कधी ठेवू दिली नाही. मंडळाची किल्ली घराबाहेर जाणार नाही, म्हणायचे. तुला तिथेच जावं लागेल. आणि निमिष, मी काही बोललो नाही."

हेमचंद्रकाकांकडे जायला मी शनिवारी दुपारची बस धरली. दार सुनंदाकाकूंनी उघडलं. हातात सोऱ्या होता. "त्यांना भेटायचंय? बघ बाबा. आठवडाभर जेवताना पण दाराकडे तोंड करून बसतात."

काका आले. मोठ्या अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस. मला पायांपासून वर बघत गेले आणि टोपीशी थांबले.

"माधवीबाईंनी पाठवलं?"

"नाही काका. सर्व्हर बघायला आलोय."

"तू त्यांच्या घरात राहतोस."

"त्यांच्या खाली राहतो."

ह्यातला फरक त्यांना पटला असावा, कारण त्यांनी मला आत घेतलं. पण सर्व्हरकडे न नेता आधी स्वतःच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. नावनोंदणीचं पान उघडं होतं. एकही नाव नव्हतं.

"बघ," ते म्हणाले. "दिवाळी तोंडावर आली. एक माणूस नोंदवत नाही. हा योगायोग आहे?"

"काका, त्यांना..."

"हा बहिष्कार आहे. त्या बाईंनी गाव फिरवलं. आधी माझा पडदा पाडला, आता माझं मंडळ पाडणार. कोणाला फोन करावा तर स्वप्नाली हवामानाचं बोलते! डेस्मंड फोनच उचलत नाही. साधा केक आम्ही त्याचा आनंदाने खाल्ला, सासूबाई तर अजून आठवण काढतात."

"काका, सगळ्यांना फॉरबिडन येतंय."

"मला येत नाही."

"कारण तुम्ही कधीच लॉगआउट करत नाही. मीपण नाही. आपण दोघं आधीपासून आत बसलोय, म्हणून आपल्याला दार बंद झालेलं कळत नाही. नवा माणूस आला की मशीनला त्याची एक छोटी नोंद लिहून ठेवायला लागते. ती लिहिता येत नाहीये. मग तुमच्या ठरावाप्रमाणे ते त्यालाच हाकलतं."

काकांनी रिकाम्या यादीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठराव चांगला होता."

घर गरम करणाऱ्या फर्नेसशेजारी मंडळाचा सर्व्हर एका स्टुलावर होता. दसऱ्याचं हळदकुंकू अजून त्याच्या कपाळावर होतं. मी मॉनिटर जोडला. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. डिस्क काठोकाठ भरली होती. एका माणसाचं नाव मावेल एवढीही जागा नव्हती. कशाने भरली ते बघायला मी मोठ्या फायलींची नावं वर आणली.

मृत्यू. मृत्यू फायनल. मृत्यू फायनल दोन. मृत्यू फायनल खरा. मृत्यू पडद्याविना. मृत्यू पडद्याविना सुनंदाने सुचवलेला.

मी वळून बघितलं नाही. मागे काकांचा श्वास ऐकू येत होता.

"माझ्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती," ते म्हणाले. "मिनी डीव्ही कॅमेऱ्याचं शूटिंग फार जागा खातं."

"हे सगळं गेल्या दिवाळीतलं?"

"पडदा काढून टाकता येतो का बघत होतो. एडिटिंगमध्ये. वर्षभर बसलोय. पडदा निघतो, पण मग त्याच्यामागे मी नसतो."

मी म्हणालो, ह्यातलं एक ठेवू, बाकीचे पुसू. काका म्हणाले, एक कुठलं? मी म्हणालो, मग सगळे दुसऱ्या डिस्कवर घेऊन मी घरी नेतो. त्यावर ते सर्व्हर आणि माझ्यामध्ये येऊन उभे राहिले. "माझं मरण त्या घरात जाणार नाही. उद्या यूट्यूबवर दिसेल."

माझ्या खिशात फोन वाजला. माधवीकाकू.

"नाव मिळालं?"

"मिळालं. पण ते माणसाचं नाहीये."

"मला कोड्यात बोलू नकोस. कुठे आहेस?"

मी सांगितलं. पलीकडून गाडीच्या किल्ल्या ऐकू आल्या.

त्या आल्या तेव्हा अरविंदकाका गाडीतच बसून राहिले, इंजिन चालू ठेवून. बँक लुटायला आल्यासारखं दिसत होतं. काकू जिना उतरून खाली आल्या, कोट न काढता. हेमचंद्रकाका फर्नेसशेजारी उभे. सुनंदाकाकू सोऱ्यासकट जिन्याच्या वरच्या पायरीवर.

"मला मनाई कोणी केली?" माधवीकाकूंनी विचारलं.

"तुम्हीच, काकू," मी म्हणालो. "अनुमोदन तुमचं होतं." आणि ठरावाचं सांगितलं.

"ते मी लोकांसाठी दिलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी नाही."

"तेच मी ह्याला सांगतोय," हेमचंद्रकाका म्हणाले. वर्षभरानंतर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. दोघांनाही ते आवडलं नाही.

मग काकूंनी फायलींची नावं वाचली. एकेक, ओठ न हलवता. "लावा," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा विंगेत होते. समोरून बघितलंच नाही."

काकांनी पहिली, मूळ फाइल लावली. आम्ही फर्नेसशेजारी उभं राहून काकांना मरताना बघितलं. पहिला आचका आला. दुसरा आला. काका कोपरावर उठले. फर्नेस मधेच घुरघुरत सुरू झाला, तो त्या प्रसंगाला शोभून दिसत होता. शेवटी पडदा पडला आणि स्क्रीन लाल झाला.



"वाईट नाहीये," माधवीकाकू म्हणाल्या. "लांब आहे."

"लांब म्हणजे किती लांब?" काकांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"मागे घ्या जरा. हं. इथे थांबवा. पहिला आचका. सगळे तुमच्याकडे बघतायत. नंदन डोळे पुसतोय. आता पुढे न्या. दुसरा आचका. आता तुमच्याकडे बघू नका, खाली बघा. पहिली रांग."

आम्ही खाली बघितलं. पहिल्या रांगेतली डोकी हलत होती. हात बाह्यांतून बाहेर येत होते. स्वप्नालीताई मुलाच्या जॅकेटची चेन लावत होत्या. डेस्मंडच्या डोक्यावर टोपी आली होती. पडदा पडायला अजून बराच अवकाश होता आणि निम्मी रांग कोट घालून बसली होती.

हेमचंद्रकाका स्क्रीनच्या जवळ गेले. वर्षभरात त्यांनी हे किती वेळा पाहिलं होतं कोणास ठाऊक. पण दर वेळी ते स्वतःकडेच बघत होते.

"सुनंदा," त्यांनी वर बघून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मी पण कोट घातला होता," सुनंदाकाकू जिन्यावरून म्हणाल्या. "थंडी होती."

काका खुर्चीत बसले. माउस स्वतःच्या हातात घेतला. सगळ्या मृत्यूंवर निळी पट्टी फिरवली. मशीनने विचारलं, नक्की पुसायचं का? काकांनी कोणाकडेच न बघता 'हो' दाबलं. ह्या वेळी ते एका ओळीत मेले, संहितेत होतं तसं.

मी सर्व्हर पुन्हा चालू केला. माधवीकाकूंनी काकांच्याच स्वयंपाकघरात आपला लॅपटॉप उघडला. पणत्या आल्या, रांगोळी आली, चौकोन आला. समूहगीत. मार्गदर्शन, माधवी. त्यांनी बटण दाबलं आणि नाव यादीत जाऊन बसलं. हेमचंद्रकाकांनी मागून वाकून बघितलं. सुनंदाकाकूंनी दोघांच्या पुढ्यात गरम चकली ठेवली. तिथूनच मी सगळ्यांना फोन केले. कोणालाही गुन्ह्याबद्दल विचारलं नाही. डेस्मंडने कीबोर्डसाठी नाव नोंदवलं आणि रमचा केक आणू का म्हणून विचारलं.

ठराव मी त्याच दिवशी सर्व्हरच्या सेटिंगमधून काढून टाकला. आता काही बिघडलं तर पानावर येईल, 'बिघाड मंडळाकडे आहे, आपला दोष नाही.' ह्याला अजून मंजुरी मिळालेली नाही.

माझं बेसमेंट वाचलं असं मला वाटत होतं. घरी जाताना गाडीत मी मागे ऊर्मीच्या कोटांच्या ढिगात बसलो होतो.

"एक सांग," माधवीकाकू पुढून म्हणाल्या, मागे न वळता. "बंद होतं, ते तू गेल्यावर उघडलं."

"हो काकू."

"गावातल्या सगळ्यांना मनाई होती."

"हो."

"आत दोनच माणसं होती. एक हेमचंद्रराव, त्यांचं तर घरच ते. आणि दुसरा?"

अरविंदकाकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तीच सहानुभूती.

"काकू, मी लॉगआउट केलं नव्हतं इतकंच."

"मी काही म्हणत नाहीये. निघताना हेमचंद्ररावांनी पण हाच प्रश्न विचारला." गाडी आमच्या रस्त्याला वळली. "महिनाअखेरचं विसर. तू कुठे जायचं नाहीस."

"थँक यू, काकू."

"थँक यू काय त्यात? ज्याला उघडता येतं त्याला बंदही करता येतं," त्या म्हणाल्या. "असा माणूस आपल्याच घरात असलेला बरा. डोळ्यांसमोर."

त्या शनिवारचा डबा खाली आला नाही. मला वर बोलावून, समोर बसवून वाढलं.